न पाहिलेल्या डोंगरांची डागडुजी

ओतूरच्या एसटी स्टँडवरून बाजारपेठेत शिरलं की डाव्या हाताला औषधांचं दुकान लागतं आणि त्याला खेटून एक अरुंद गाळा. पाटीवर ‘मंगल फोटो फ्रेम’ असं लिहिलेलं आहे. दुकान दादाभाऊ कुट्यांचं, नाव त्यांच्या बायकोचं. दादाभाऊ पिंपरी पेंढारचे. घर तिथे, कांद्याचं थोडं रान तिथे, पण मिसरूड फुटल्यापासून त्यांचा दिवस गेला तो ओतुरात, काच कापण्यात आणि खिळे ठोकण्यात. संध्याकाळी शटर ओढताना उजव्या खांद्यातून कळ निघायची. पूर्वी ती जेवणापर्यंत जायची. आता पहाटेपर्यंत मुक्कामाला असायची.

त्यांनी फ्रेममध्ये काय बसवलं नाही? देव बसवले, शाळेतली प्रशस्तिपत्रं बसवली, नवरानवरीचे जोड फोटो बसवले, पुढाऱ्याच्या हातात हात दिलेले सरपंच बसवले. पण दुकान खरं चाललं ते गेलेल्या माणसांवर. दशक्रियेला मांडवी नदीच्या घाटावर फोटो ठेवायचा असतो, म्हणून आदल्या दिवशी फ्रेम तयार पाहिजे. दारात उभा राहिलेला माणूस केस उतरवायच्या तयारीत असतो, त्याला ‘उद्या ये’ म्हणता येत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तर शटर अर्धं खाली ओढून दादाभाऊ आत काम करत राहिले. एकदा काच पुसताना त्यांच्या ध्यानात आलं, की हा माणूस मागच्याच महिन्यात आपल्याकडून लेकीच्या लग्नाची फ्रेम घेऊन गेला होता आणि घासाघीस करताना लई हसला होता. त्या उन्हाळ्यात जो शीण अंगात शिरला तो पुन्हा बाहेर पडलाच नाही.

हल्ली लोक चौकात मोठा फ्लेक्स लावतात आणि घरात एक तयार फ्रेम आणून टांगतात. काम निम्म्यावर आलं होतं. थकवा मात्र निम्म्यावर येत नव्हता.

लेक हर्षाली अवसरी बुद्रुकला दिलेली. ती फोनवर म्हणायची, “आप्पा, या दिवाळीला शटर ओढा आन् परत उघडूच नका. आईला घेऊन इकडं या चार दिवस. बसा, खा, झोपा.”

“झोप कुठं येतीय,” दादाभाऊ म्हणायचे. पण दिवाळी त्यांनी मनात धरून ठेवली होती.

होळी झाली, त्याच आठवड्यात त्यांना कस्तुरबाईंच्या घरून बोलावणं आलं.

कस्तुरबाई म्हणजे पेठेतल्या कापडदुकानाच्या रमणलालशेठची बायको. शेठ जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान आता नातू प्रितम बघतो. जुनं घर पाडून त्याने वर दोन मजले चढवले होते आणि खालच्या मोठ्या हॉलला नुकताच रंग दिला होता. दादाभाऊ गेले तेव्हा हॉलच्या मधोमध सतरंजीवर चादर अंथरली होती, चादरीवर एक लांबलचक चित्र पसरलं होतं आणि त्याच्या एका टोकाला खुर्चीत कस्तुरबाई बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला प्रितमची बायको रिंकू कमरेवर हात ठेवून उभी.

“काका, हे तुम्ही बघाच,” रिंकू म्हणाली. “काल दादींनी गुंडाळायला घेतलं आणि मधोमध कट् करून आवाज आला. फाटलंच ना! मी म्हणते, आता गुंडाळायचं कशाला? मस्त फ्रेम करू, या भिंतीवर कायमचं लावू. पाहुणे आले की दिसेल तरी.”

दादाभाऊ गुडघे मोडून खाली बसले. चित्र पुरुषभर उंचीचं, पण रुंदीला टॉवेलाएवढं. कागदावर काळ्या शाईने काढलेलं. भोवती विटलेल्या निळ्या रेशमाची किनार, वर एक लाकडी पट्टी, खाली गोल दांडा. एकावर एक चढत गेलेले डोंगर, मध्ये धुकं, एक झोपडी, एक पूल, आणि पुलावर काठी घेतलेला एक वाकलेला माणूस, गव्हाच्या दाण्याएवढा. धुक्याच्या जागी काहीच काढलेलं नव्हतं, नुसता कोरा कागद सोडलेला. नेमकी तिथेच, पुलाच्या वर, आडवी भेग गेली होती.

हे चित्र दादाभाऊंनी दुरून पाहिलं होतं. कापड घ्यायला आलेल्या माणसांना शेठ कधीमधी घरात बोलावून दाखवायचे. शेठ तरुणपणी जपानमध्ये कोबे नावाच्या शहरात होते, एका नातेवाइकाच्या मोत्यांच्या पेढीवर. कस्तुरबाई लग्न होऊन तिथेच गेल्या. परत येताना शेजारच्या म्हाताऱ्या बाईने त्यांना हे चित्र दिलं होतं.

“डोंगर तिकडलंच का, काकी?” दादाभाऊंनी विचारलं. “तुमच्या दुकानातला हौशीराम म्हणायचा, हा आपला हटकेश्वराचा डोंगर हाय.”

कस्तुरबाई हसल्या. “हौशीरामला सगळीकडे हटकेश्वरच दिसतो. नाही रे. तिकडचेसुद्धा नाहीत. वर ते उभं लिहिलंय ना, ते शेजारणीने वाचून दाखवलं होतं. काढणाऱ्याने लिहिलंय, की चीनमधल्या फार जुन्या चित्रांची रीत धरून हे काढलं, आणि ते डोंगर मी काही पाहिलेले नाहीत. त्यांच्याकडे पुष्कळ जण तसेच काढायचे. जुन्या गुरूंची चित्रं बघून बघून हात बसवायचा. डोंगर समुद्रापलीकडे. कोण जाणार?”

दादाभाऊ भेगेवरून न टेकवता बोट फिरवत राहिले. भेग आरपार होती.

“फ्रेम होईल ना?” रिंकूने विचारलं.

“व्हईल की. दांडं काढायचं, कडंचं कापड कापायचं, प्लायवर चिकटवायचं, वरनं काच. एका दुपारचं काम हाय.”

हे बोलताना त्यांना बरं वाटलं. एका दुपारचं काम. त्यांनी मान वर केली तर कस्तुरबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

“दादाभाऊ, हे चित्र बारा महिने भिंतीवर राहायचं नाही. लाभपंचमीला बाहेर काढते, होळीला गुंडाळून पेटीत ठेवते. शेजारीण तशीच करायची. तिच्याकडे ऋतूऋतूचं वेगळं होतं. मला एकच मिळालं, म्हणून मी थंडीचं केलं. बाकीचे दिवस ते पेटीत निजतं. कायम समोर असलं की मग कोणी बघत नाही. तू एवढे फोटो लावून दिलेस गावाला, कोणी बघतं का ते?”

दादाभाऊंच्या स्वतःच्या घरात वडिलांचा फोटो होता, त्यांनीच बसवलेला. त्यावर शेवटची नजर कधी टाकली हे त्यांना आठवेना.

प्रितम दुकानातून जेवायला आला होता. तो चांगला मुलगा, आजीशी आवाज चढवून कधी बोलत नसे. “दादी, पण फाटलंय ते. आता गुंडाळलं की तुकडे होतील. नुसतं पेटीत ठेवून वाळवी खाणार, त्यापेक्षा फ्रेम बरी ना?”

“गुंडाळता आलं तर?”

“आलं तर ठेव तसंच. माझं काय म्हणणं नाही. पण लाभपंचमीला हॉलमध्ये काहीतरी लागलं पाहिजे. तोवर नीट झालं तर तुझ्या पद्धतीने, नाहीतर रिंकू म्हणते तसं. चालेल?”

“चालेल,” कस्तुरबाई म्हणाल्या आणि दादाभाऊंकडे वळल्या. “ऐकलंस? ते कापायचं का नाही, हे आता तुझ्या हातात.”

दादाभाऊंच्या मनात आलं, कशाला आपल्या हातात? आपल्या हातात कळा आहेत. पण भेग दुमडणार नाही अशा बेताने चित्र सैल गुंडाळून त्यांनी पेटीत घातलं आणि पेटी उचलली. पेटी हलकी होती, पांढऱ्या लाकडाची. मोटारसायकलवर मांडीत धरून त्यांनी ती पिंपरी पेंढारला आणली, कारण दुकानात धूळ फार.

सुरुवातीला त्यांनी सवयीच्या वस्तू लावून बघितल्या. बांबूला गुंडाळलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर फेविकॉलची पट्टी मारली. वाळल्यावर ती पत्र्यासारखी कडक झाली आणि दुसऱ्या गुंडाळीलाच कड सुटली. मैद्याची खळ केली, तीही ताठ. त्यात किडीसाठी मोरचूद घालायचा रिवाज, पण त्याने कागदाला निळसर झाक आली. दादाभाऊंनी फोन करून विचारलं, “काकी, तिकडं काय लावत व्हते?”

“गव्हाचंच काहीतरी. आमच्या गल्लीत एक म्हातारा होता, चित्रांना कापड लावून द्यायचा. तो गव्हाची खळ करून मडक्यात वर्षानुवर्षं मुरवायचा. पिठाची नाही पण. गव्हातलं सत्त्व काढून, तेवढीच. मला तर वास सहन व्हायचा नाही. आम्ही रात्रीचं शिळंसुद्धा न ठेवणारी माणसं, आणि ह्याचं वर्षाचं मडकं!”

गव्हातलं सत्त्व. दादाभाऊ फोन खिशात टाकून अंगणात आले, तर चुलीवर मोठं पातेलं चढलेलं आणि मंगलबाई घामाघूम होऊन उलथन्याने चीक घोटत होत्या. चैत्र सुरू झाला होता, कुरडयांचे दिवस. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे, आणि तळाशी बसलेलं पांढरंशुभ्र सत्त्व उकळत्या पाण्यात घोटून शिजवायचं. शिजलेला चीक काचेसारखा चमकत होता. दादाभाऊंनी बोटाने थोडा उचलला, दोन बोटांत ताणला. मऊ, चिवट, पातळ.

“आवो, बोट नका घालू, पोरासारखं! वाटीत देते, साखर घेऊन खा.”

“खायाला नको. वाटीभर दे तशीच.”

“खायाला नको तर काय भिताडाला लावता?”

“चित्राला.”

मंगलबाईंनी उलथनं पातेल्याच्या काठावर आपटलं. “ह्या वयात लई उद्योग सुचाया लागलं. त्या शेठाणीच्या डोंगराला कुरडई खाऊ घाला आता!” पण वाटी भरून दिली.

कागदासाठी ते जुन्नरला गेले. जुन्नरला एके काळी हातकागद बनत असे. कुशाबा नावाच्या त्यांच्या जुन्या ओळखीच्या बाइंडरकडे तसल्या कागदाचे चार-दोन पिवळे ताव पडून होते. कुशाबाने त्यातला सगळ्यात पातळ ताव दिला आणि वर सांगितलं, “राव, दुकान बंद करणार म्हणं तुमी. आन् हे काय नवीन काढलं?”

“शेवटलं काम हाय.”

“मागच्या साली बी शेवटलंच म्हणत व्हते.”

घरी येऊन दादाभाऊंनी मोठी काच टेबलावर ठेवली, चित्र त्यावर पालथं टाकलं, भेगेच्या कडा जुळवल्या आणि पाठीमागून हातकागदाची पट्टी चिकाने बसवली. वरून कोरडा कागद, त्यावर दुसरी काच. वाळल्यावर त्यांनी श्वास रोखून चित्र दांड्यावर हळूहळू गुंडाळलं. आवाज आला नाही. पुन्हा उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. पट्टी मऊ वाकत होती. अंगणात कुरडया वाळत होत्या, त्यांच्यावरून कावळा हाकलत मंगलबाई म्हणाल्या, “झालं का समाधान?”

झालं होतं. अगदी खोल कुठेतरी, पाय पसरून बसावं असं समाधान झालं होतं. दादाभाऊंनी पेटी नेऊन दिली. कस्तुरबाईंनी भेगेच्या जागी हात फिरवला आणि पेटी आपल्या कपाटात ठेवून दिली. रिंकू म्हणाली, “बघू, लाभपंचमीला काय होतंय.”

त्यानंतर दादाभाऊंनी दुकानातला माल कमी करायला घेतला. फ्रेमच्या पट्ट्यांचे नवीन नमुने मागवले नाहीत. गिऱ्हाईक आलं तर करायचं, नाही आलं तर स्टुलावर बसून डोळे मिटायचे. डोळे मिटले की झोप येत नसे, फक्त औषधांच्या दुकानातलं बोलणं ऐकू येई.

श्रावण संपता संपता कस्तुरबाईंचा फोन आला. पर्युषणाचे दिवस जवळ आले म्हणून त्यांनी कपाट आवरायला काढलं होतं, आणि आवरता आवरता पेटी उघडून बघितली होती.

“दादाभाऊ, तू ये. मी कोणाला दाखवलेलं नाही अजून.”

ते गेले. कस्तुरबाईंनी आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि चित्र पलंगावर उलगडलं. बाकी सगळं चित्र कोरडं होतं. भेगेच्या जागची पट्टी तेवढी ओलसर, काळपट. हात लावला तर चिकट. तिच्या कडेने बुरशीचे बारीक ठिपके उठले होते आणि पुलाच्या वरच्या धुक्यात एक मातकट डाग उतरला होता.

“घरात गळत न्हाई ना कुठं?”

“कपाटात कुठून गळणार? माझ्या साड्या कोरड्या आहेत सगळ्या. तुझी पट्टीच तेवढी भिजलीय.”

दादाभाऊ पलंगाच्या कडेला बसले. कोणाच्या पलंगावर बसायची त्यांची रीत नव्हती. ते म्हणाले, “काकी, माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई. त्या पोरीला म्हणावं, फ्रेम कर. माझ्याच्यानं ते कापवायचं न्हाई, नारायणगावचा माणूस देतो.”

कस्तुरबाईंनी डागाखालच्या पुलाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, “त्या पुलावरच्या म्हाताऱ्याकडे बघ. तो कुठे निघालाय, माहितीये? वर झोपडी आहे ना, तिथे. शेठ म्हणायचे, मित्राला भेटायला चाललाय. मी म्हणायचे, छे, झोपायला चाललाय. तिथे पोचला की पाठ टेकणार. एवढ्या वर्षांत पूल काही ओलांडत नाही बिचारा. मी त्याला दर होळीला गुंडाळते, तेवढीच त्याची झोप. काचेखाली घातलंत तर त्याला कायमचं उभं राहावं लागेल.”

“तुमी बी काय, काकी,” दादाभाऊ म्हणाले. पण जराशाने ते उठले, आणि पेटी पुन्हा मांडीत धरून घरी आले.

घरी त्यांनी चित्र पालथं करून पंख्याखाली ठेवलं. दोन दिवस उघडीप होती. पट्टी वाळली तशी तिच्यावर पांढरी भुकटी दिसायला लागली, पिठासारखी. दादाभाऊ भिंग लावून बघत बसले. त्यांना वाटलं, बुरशीच वाळली. मंगलबाई चहा घेऊन आल्या, वाकून बघितलं, बोटाचं टोक भुकटीला लावलं आणि सरळ जिभेला.

“आगं, आगं! बुरशी खाती का?”

“कशाची बुरशी? मीठ हाय हे.”

“मीठ कुठनं आलं?”

“कुठनं म्हंजे? मीच घातलं की. चिकात मीठ न्हाई घालायचं तर काय चुना? आधणातच टाकते मी. हिंगबी टाकते.”

दादाभाऊ तिच्याकडे बघतच राहिले. चीक त्यांनी जन्मभर खाल्ला होता, साखर घालून, तूप घालून. तो गोड लागायचा. त्याच्याखाली मीठ असतं, हे त्यांच्या जिभेला ठाऊक असणार, डोक्याला नव्हतं. आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे तर कुठल्याही पोराला माहीत. कपाटात बंद पेटीत पट्टी हवेतलं पाणी ओढत राहिली होती.

“सांगायचं न्हाई का?”

“तुमी इचारलं? वाटी मागितली, वाटी दिली. मला काय ठावं, डोंगराला आळणी लागतं!”

हे ऐकून दादाभाऊंना हसू फुटलं. फार दिवसांनी ते पोट धरून हसले, आणि हसताना खांद्यात कळ आली तरी थांबेनात. मंगलबाई आधी रागावल्या, मग त्याही हसायला लागल्या. पण हसून झाल्यावर समोर चित्र होतंच. मीठ कागदात मुरलं होतं. ते धुऊन काढल्याशिवाय दुसरी पट्टी लावण्यात अर्थ नव्हता. आणि शाईच्या चित्राला पाणी लावायचं म्हणजे डोंगरच वाहून गेले तर?

त्यांनी फोन लावला. कस्तुरबाई म्हणाल्या, “तो म्हातारा तर आख्खं चित्र ओलं करायचा. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. शाई हलायची नाही. पण दादाभाऊ, ते त्याचं बघितलंय. ह्याचं मी कसं सांगू?”

“आन् वाहून गेलं तर?”

कस्तुरबाई म्हणाल्या, “गेलं तर गेलं. कापून टांगण्यापेक्षा बरं.”

घटस्थापनेच्या आधीचं ऊन पडायला लागलं होतं. मंगलबाईंनी भर भाद्रपदात गहू भिजत घातले. शेजारची साधना कुंपणावरून म्हणाली, “काय वहिनी, आत्ता कुरडया?” मंगलबाई म्हणाल्या, “न्हाई बाई, आमच्या ह्यांना बिनमिठाचं पथ्य लागलंय.” आणि आत येऊन त्यांनी ते दादाभाऊंना दोनदा सांगितलं.

दादाभाऊंनी आधी चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, एका दगडाच्या टोकावर, काडीने पाण्याचा थेंब ठेवला. थेंब फुगून बसला. हळूहळू मुरला. त्यांनी टिपकागद दाबला आणि उचलून उजेडात धरला. कागद पांढरा होता. मग त्यांनी जुनी पट्टी भिजवून सोलून काढली, धुतलेल्या धोतराचा मऊ तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून भेगेच्या जागी ठेवला, टिपला, पुन्हा ठेवला. टिपकागदावर मातकट रंग उतरायचा. मंगलबाई तो कागद जिभेला लावून सांगायच्या, “अजून हाय.” त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाठ मोडून आली होती, पण जिभेवर खारट लागेनासं होईपर्यंत दादाभाऊ काचेवर वाकूनच होते. डोंगर हलले नाहीत. पुलावरचा माणूसही जागचा हलला नाही. डाग फिका झाला, पण पुरता गेला नाही.

आळणी चिकाने, जुन्नरच्या उरलेल्या तावाची नवी पट्टी त्यांनी बसवली. या वेळी समाधान वगैरे काही वाटलं नाही. फक्त पाठ टेकावीशी वाटली. पाठ टेकली, तरी झोप लागली नाही. वाळताना कागद ताणला जाईल का, कडेला सुरकुती पडेल का, हेच डोळ्यांपुढे फिरत होतं.

लाभपंचमीच्या सकाळी ते पेटी घेऊन गेले. दिवाळीत दुकानाचं शटर त्यांनी ठरल्याप्रमाणे ओढलं होतं. पाटी मात्र उतरवली नव्हती, ते राहून गेलं होतं. हॉलमध्ये रांगोळी होती, मिठाईचे डबे होते. प्रितमने भिंतीत खिळा मारून ठेवला होता, आणि काचवाल्यालाही सांगून ठेवलं होतं, काय होईल ते होवो म्हणून.

चित्र टांगलं. भेगेची जागा शोधणाऱ्याला दिसत होती. तिथे एक अगदी उथळ लाट आल्यासारखी झाली होती, आणि धुक्यात फिकट डाग.

“डाग राहिला पण,” रिंकू म्हणाली.

“ऱ्हायला,” दादाभाऊ म्हणाले. “माझ्यामुळं पडला तो. आमच्या घरचं मीठ हाय त्यात.”

मंगलबाईंची सगळी गोष्ट त्यांना सांगावी लागली. प्रितम हसून हसून खुर्चीत बसला. कस्तुरबाईही हसल्या, पण त्यांचं लक्ष दांड्याकडे होतं.

“रिंकू, तू गुंडाळ,” त्या म्हणाल्या.

“मी? मला नाही येत. फाटलं तर?”

“फाटलं तर तुझी फ्रेम होईल. माझे हात आता वर जात नाहीत. कोणीतरी शिकायला पाहिजे. खालून घे. दाबू नकोस, ओढू नकोस, नुसतं त्याच्याबरोबर वर जा.”

रिंकूने हात पदराला पुसले. दादाभाऊंनी खालचा दांडा तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले. ती गुंडाळत वर निघाली. पायथ्याचे दगड गेले, झाडं गेली, पूल आला. पुलावरचा माणूस आत गेला. आता ती जागा होती. दांडा भेगेवरून फिरला, रेशमाची किंचित खसखस झाली आणि दांडा वर निघून गेला. कट् असा आवाज आला नाही. रिंकूने वरपर्यंत नेलं, मग तशीच हळूहळू खाली सोडत पुन्हा उलगडलं. झोपडी, धुकं, पूल, माणूस.

“अरे, वाकतं की हे,” तिने आश्चर्याने म्हटलं. आणि मग आपण होऊन आणखी एकदा गुंडाळून बघितलं.

“बसा ना काका, चहा टाकते,” ती म्हणाली.

दादाभाऊ भिंतीसमोरच्या सोफ्यावर बसले. सोफा नवा होता, पाठ आत रुतली. समोर डोंगर एकावर एक चढत गेले होते. ते काढणाऱ्याने पाहिले नव्हते, कस्तुरबाईंनी पाहिले नव्हते, आणि दादाभाऊंनी तर बहुतेक पाठीमागूनच पाहिले होते. आत्ता पहिल्यांदाच ते सरळ समोर बसून बघत होते. नजर पुलावर गेली. मग तिथून वर झोपडीकडे जायला लागली. मध्ये धुकं होतं.

“होळीला गुंडाळायला तू ये हं,” कस्तुरबाई कुठूनतरी म्हणत होत्या. “रिंकूला एकदा दाखवून दे.”

“दुकान बंद केलं, काकी,” असं ते म्हणाले, किंवा म्हणायचं ठरवलं.

“दुकान बंद राहू दे. तू ये.”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. प्रितम दारातून म्हणाला, “दादी, काचवाला आलाय.” कस्तुरबाई म्हणाल्या, “त्याला चहा दे आणि परत पाठव.” मग रिंकूचा आवाज, अगदी दबका: “दादी, काकांना झोप लागली वाटतं. उठवू?” आणि कस्तुरबाईंचा, तितकाच दबका: “नको गं. असू दे.”

दादाभाऊंना हे सगळं ऐकू येत होतं. पुढच्या भाद्रपदात पेटी एकदा उघडून बघावी लागेल, हवा द्यावी लागेल, हे सांगायचं राहिलं होतं. ते सांगण्यासाठी त्यांनी डोळे उघडायचे ठरवले. चहाचा कप काचेच्या टेबलावर कोणीतरी आवाज न करता ठेवला. पंख्याचा वेग एका आकड्याने कमी झाला. झोपेने डोळे काही उघडू दिले नाहीत.